उंदराने कुरतडलेली वायर

"ब्रेक धर, इंदे, ब्रेक!"

अण्णा ओरडले तेव्हा मी ब्रेक धरतच होते. अडचण ब्रेकची नव्हतीच. खिंडीच्या चढाला, ऐन वळणावर, समोरून उसाने ओसंडणारा ट्रॅक्टर उतरत असताना आमच्या गाडीचं इंजिन एकाएकी बोंबलायला लागलं आणि गाडीची ओढ पार गेली. आवाज चौपट, जोर शून्य. गाडी क्षणभर थबकली आणि मग आल्या वाटेने मागे घरंगळू लागली. मी हातातला दांडा पुढे रेटून तिला थांबवलं. ट्रॅक्टर धुरळा उडवत शेजारून निघून गेला. अण्णांनी हुश्श केलं आणि त्यासरशी गाडीला असा हिसका बसला, की माझी हनुवटी स्टिअरिंगवर आपटली. इंजिन बंद पडलं.

अण्णा खाली उतरले. आधी मागच्या चाकाला दगड लावला, मग टॉवेलने कपाळ पुसलं. मी किल्ली फिरवली तर गाडी लगेच सुरू झाली, काही घडलंच नाही अशा थाटात. हाच तर तिचा लबाडपणा होता.

"सुरू झाली बघा," मी म्हटलं.

"हुईल की. तिला काय, ती सुरूबी हुती अन् मागंबी पळती." अण्णा खिडकीशी वाकले. "इंदे, ऐक माजं. सायबाला सांग, बदली नको म्हणावं मला. हाय तिथं बरी हाईस."

बोलले असते तर रडू आलं असतं, आणि अण्णांसमोर रडायचं नाही हे मी शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं.

माझे दोन्ही पाय लहानपणी पोलिओने नेले. मी गडहिंग्लजच्या कोर्टात लघुलेखक होते. साहेब बोलतील ते झरझर कागदावर उतरवायचं. हात माझे पहिल्यापासून तेज. देवाने एकीकडे कापलं ते दुसरीकडे भरून दिलं, असं आई म्हणायची आणि मी चिडायची. त्या वर्षी मला आजऱ्याच्या कोर्टात वरच्या जागेवर बदली मिळाली होती. पुढच्या महिन्याच्या पहिल्याच सोमवारी हजर व्हायचं होतं. रोज जाऊन येऊन करायचं, तर गाडीशिवाय ते जमणारं नव्हतं.

एस.टी.ची पायरी मला चढता येत नसे. गंमत अशी, की अण्णा म्हणजे बसगोंडा हत्तरगी, उभी हयात एस.टी.चे ड्रायव्हर. सगळा तालुका त्यांनी इकडून तिकडे पोचवला. त्यांच्या गाडीत कडेवरचं पोर जागं होत नाही, असं डेपोत म्हणायचे. पण त्यांच्याच पोरीला एस.टी.त चढवायला बापाची कंबर लागायची. शाळा, कॉलेज, कोर्ट, सगळीकडे त्यांनीच मला नेलं. आधी खांद्यावर, मग सायकलवर, मग स्कूटरवर. निवृत्त झाल्यावर ती कंबरच बसली.

म्हणून मी गाडी घेतली. जुनी, छोटी, पांढरी. कोल्हापुरात एका फॅब्रिकेटरकडून ती हाताने चालवण्याजोगी करून घेतली आणि चालवायलाही तिथेच शिकले. स्टिअरिंगखाली एक दांडा बसवला होता. तो पुढे रेटला की ब्रेक, मागे ओढला की वेग. क्लचचं काम गिअरच्या मुठीवरचं बटण करायचं. बटण दाबलं की क्लच आपोआप दबून इंजिन चाकांपासून सुटं व्हायचं, सोडलं की पुन्हा जुळायचं.

गाडी दारात आली त्या दिवशी अण्णांनी तिला एक प्रदक्षिणा घातली, दांडा मागेपुढे करून बघितला आणि निकाल दिला, "ब्रेक ही पायानं मारायची गोष्ट हाय. हातानं जेवायचं असतंय."

मग अट घातली. गावात कुठेही फिर, पण गावाबाहेर जायचं तर मी शेजारी बसणार.

आजऱ्याच्या रस्त्यावर रोज खिंडीपर्यंत सरावाच्या फेऱ्या सुरू केल्या, आणि गावाबाहेरच गाडीचं ते दुखणं सुरू झालं. मधूनच इंजिन बोंबलायचं, गाडी ढिली पडायची, मग हिसका देऊन पुन्हा ओढायला लागायची, नाहीतर बंद पडायची. कधी एका फेरीत चारदा, कधी जाऊन येईपर्यंत एकदाही नाही. गावात मात्र कधीच नाही. आई शेजारी बसून बाजारात यायची. तिचं लक्ष रस्त्याकडे नसेच. कुणाच्या दारात मांडव पडलाय आणि कुणाची सून माहेरी गेलीय, यातच ती गुंतलेली. तिच्याबरोबर गाडी शहाण्यासारखी चालायची.

"गावात जोर लागत न्हाई, म्हणून लपून ऱ्हातंय," अण्णा म्हणायचे. "बाहीर काढली की खरं रूप दावती. इंदे, म्हस परक्या हाताला पान्हा सोडत न्हाई. तसलंच हाय हे."

ते तोडून बोलत नसत, पण प्रत्येक फेरीनंतर त्यांचा चेहरा उतरलेला असे. घरी आले की दमून कॉटवर पडायचे आणि आईकडून उजव्या पोटरीला तेल चोळून घ्यायचे. "एवढी वर्सं गाड्या हाकल्या तवा न्हाई दुखलं," आई चोळता चोळता म्हणायची, "आन् आता नुसतं बसून काय दुखतंय तुमचं?" अण्णा म्हणायचे, "वय झालं." मला मात्र वाटायचं, वय कसलं, माझ्या हातच्या गाडीत बसायचं यांना ओझं होतंय.

खिंडीतून परत येताना मी गाडी घराकडे न वळवता संकेश्वर रस्त्याला बाबालाल मुजावरच्या दुकानात घातली.

बाबालाल गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. हात चांगला होता, पण तोंड त्याहून चांगलं होतं. कुणा पुढाऱ्याच्या गाडीचा हॉर्न वरातीत अडकून बसला आणि आपण पळत्या गाडीच्या बॉनेटवर बसून तो कसा गप्प केला, ही हकीकत नवीन गिऱ्हाइकाला चहाच्या आधी आणि जुन्याला चहाच्या नंतर ऐकावी लागे. माझी गाडी मात्र त्याला दाद देत नव्हती. आधी म्हणाला बटण गेलंय, बटण बदललं. मग म्हणाला बॅटरीची अर्थिंग ढिली आहे. ती घासून आवळली. मग म्हणाला बॉनेटमधली क्लच ओढणारी डबी तापते. तिला पत्र्याचा आडोसा केला. दर वेळी तो स्वतः माझ्या शेजारी बसून, डॅशबोर्डखाली मान घालून गावाबाहेर चक्कर मारून यायचा आणि गाडी गुणी बाळासारखी चालायची. दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा निघालो की पुन्हा तेच.

"बाबालाल," अण्णा उतरता उतरताच म्हणाले, "तुज्यानं हुत न्हाई म्हण. आमी मोकळं हुतो."

"अण्णा, बाबालालच्या हातनं सुटंल अशी गाडी अजून कारखान्यातनं बाहीर पडली न्हाई."

"ही तीनदा सुटली."

बाबालाल दुकानातल्या बाकावर बसला, पक्कड हातात फिरवत राहिला. मग माझ्याकडे वळला. "ताई, माजं एक चुकालंय. पेशंट आजारी पडतोय खिंडीत आन् मी त्येला तपासतोय दवाखान्यात. उद्या रविवार. तिघं जाऊया. तुमी रोज जशा जाता तशाच. तुमी हाकणार, अण्णा म्होरं, मी मागं बसणार. आन् ह्यो आपला चौथा गडी." त्याने खणातून इंडिकेटरचा एक बारका बल्ब काढून दाखवला. "ह्यो मी क्लचच्या डबीला जोडतो आन् वर डॅशबोर्डवर चिकटीवतो. डबीला हुकूम गेला की ह्यो लागणार. तुमी बटण दाबलं आन् लागला, तर बरोबर. न दाबता लागला, तर चोर घावला."

अण्णा म्हणाले, "उद्या घावलं तर घावलं. न्हाई तर परवा इंदी सायबाला सांगून टाकंल. काय इंदे?"

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? भर चढावर मागे घरंगळणारी गाडी घेऊन रोज आजऱ्याला जाईन, असं म्हणायला माझ्याही अंगात बळ उरलं नव्हतं. आजऱ्याची जागा गेली तरी चालेल, पण त्यामागून गाडीही जाणार हे मला कळत होतं. आणि गाडी गेली की पुन्हा आयुष्यभर कुणाच्या तरी पाठीमागे स्कूटरवर एका बाजूला पाय टाकून बसायचं. ज्याची कंबर गेली त्याच्या पाठीमागे.

रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही निघालो. डॅशबोर्डच्या मधोमध काळ्या चिकटपट्टीने तो बल्ब बसवला होता. मी गिअर बदलताना बटण दाबलं की लागायचा, सोडलं की विझायचा. गाव संपेपर्यंत त्याने इमानाने काम केलं. मागे बाबालाल दोन्ही सीटच्या मधून मान पुढे काढून गळ टाकून बसल्यासारखा बसला होता. अण्णा नेहमीप्रमाणे ताठ, हात मांडीवर, नजर रस्त्यावर.

गावाबाहेर एक कुत्रं आडवं गेलं आणि बल्ब लुकलुकला. इतका थोडा वेळ, की मला ऊन चमकल्यासारखं वाटलं. मग अरुंद पुलावर समोरून ट्रक आला. बल्ब चांगला लख्ख लागला, इंजिन घुमलं, ट्रक गेला, बल्ब विझला, गाडीला हिसका बसला.

"लागला, लागला!" बाबालाल ओरडला. "ताई, बटणावर हात हुता?"

"नव्हता. एक हात स्टिअरिंगवर, एक दांड्यावर. बघा की."

"मग वायर हाय कुटंतरी. चालू द्या, थांबू नगासा!"

मी चालू ठेवली. पुढे बराच रस्ता मोकळा होता. तेवढ्या रस्त्यात बल्ब एकदाही लागला नाही. खड्डे आले, गाडी आदळली, तरी नाही. मग एका शेताच्या बांधावरून शेळ्यांचा कळप रस्त्याकडे येताना दिसला. शेळ्या अजून रस्त्यावर आल्याही नव्हत्या, तोच बल्ब लागला.

मला नवल वाटलं. खड्डा गाडीला कळतो हे ठीक. शेळ्या कशा कळाव्यात?

कोर्टात बसून बसून मला एक सवय लागली होती. साक्षीदार बोलत असला की कान त्याच्या तोंडाकडे ठेवायचा आणि संधी मिळाली की नजर हातापायांकडे. पुढे एक बैलगाडी दिसली. मी वेग कमी करत आणला आणि एक नजर डावीकडे खाली टाकली.

अण्णांचा उजवा पाय. त्यांचं ते जाड टाचेचं पायताण त्यांनी जमिनीला टेकवून असं दाबलं होतं, की घोट्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. त्यांच्या बसमध्ये जिथे ब्रेक असायचा, तिथे. बल्ब जळत होता. बैलगाडी बाजूला झाली, पाय सैल पडला, बल्ब विझला.

मी अण्णांच्या तोंडाकडे बघितलं. ते शांतपणे पुढे बघत होते. पायाने त्यांना विचारलं नव्हतं आणि त्यांनी पायाला सांगितलं नव्हतं. बाप आणि त्याचा पाय, दोघं आपापल्या जागी बसून प्रवास करत होते.

खात्री करायला हवी होती. पुढे शाळेपाशी गतिरोधक होता. मी मुद्दाम दांडा थोडा उशिरा रेटला. पाय दाबला गेला, बल्ब लागला. त्याच्या पुढच्या गतिरोधकाला मात्र मला तसं करवेना.

एवढे दिवस मी समजत होते, अण्णांना माझा भरवसा नाही. म्हणून ते शेजारी बसतात, म्हणून दमतात, म्हणून बदली नको म्हणतात. आणि इथे हा माणूस प्रत्येक शेळीला, प्रत्येक वळणाला, प्रत्येक पुलावर माझ्याबरोबर ब्रेक मारत होता. जो पाय माझ्याजवळ नव्हता तो ते मला पुरवत होते. पोटरी उगाच दुखत नव्हती त्यांची. रोज घरापासून खिंडीपर्यंत आणि खिंडीपासून घरापर्यंत नसलेला ब्रेक दाबायचा म्हणजे काही थोडे कष्ट नाहीत. आणि त्या दाबण्यानेच गाडी बिघडत होती. ते घाबरले की गाडी ढिली पडायची, गाडी ढिली पडली की ते आणखी घाबरायचे. त्यांच्या जीव लावण्यापायी मी घरी बसणार होते. हसावं की रडावं ते मला कळेना. दोन्ही आलं, आणि दोन्ही मी आवरलं, कारण समोर वळण होतं.

आरशात बघितलं तर बाबालालची नजर खाली, अण्णांच्या पायावर खिळलेली. त्यालाही दिसलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरत गेला, की पुढाऱ्याच्या हॉर्नची गोष्ट आता कायमची मागे पडणार हे मी ओळखलं. त्याने तोंड उघडलं. मी आरशातूनच मान हलवली. नको.

बाबालालने तोंड मिटलं. तोंडापर्यंत आलेली फुशारकी त्याने गिळल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"काय रे, घावलं काय?" अण्णांनी विचारलं.

"घावलं, अण्णा. फिरवा गाडी माघारी. दुकानात जाऊन उघडून बगूया."

दुकानात त्याने अण्णांना बाहेर बाकावर चहा देऊन बसवलं आणि डाव्या सीटपुढची मॅट उचलली. मी दारातून बघत होते. कोल्हापूरच्या कारागिराने गिअरच्या मुठीपासून बॉनेटकडे नेलेली वायर सरळ मॅटखालून घातली होती. टाच पडायची नेमक्या त्या जागी ती चपटी झाली होती, वरचं प्लास्टिक गेलं होतं आणि आतलं तांबं चकाकत होतं. बटण दाबलं की व्हायचं तेवढंच, की त्या वायरला गाडीच्या पत्र्याची अर्थिंग मिळून विजेची वाट पुरी व्हायची. टाच दाबली तरी तेच व्हायचं. म्हणजे माझ्या गाडीला क्लचची दोन बटणं होती, एक माझ्या हाताखाली आणि एक अण्णांच्या पायाखाली.

बाबालालने माझ्याकडे बघितलं, बाहेर अण्णांकडे बघितलं. मग हात पुसत बाहेर गेला आणि मोठ्याने म्हणाला, "उंदीर!"

"काय?"

"उंदरानं वायर कुरतडलीया, अण्णा. त्या कोल्हापूरच्या शान्यानं ती मॅटखालनं न्हेली. उंदराला आयतंच घावलं. वायर उघडी पडली, टेकायली बॉडीला, दबायला लागला क्लच. ताईच्या हाकण्यात काय बी खोट न्हाई. गाडीतबी न्हाई. उंदरात हाय."

अण्णा चहाचा कप ठेवून उठले. कमरेवर हात देऊन वाकले आणि ती वायर बराच वेळ बघत राहिले. मग मॅटचा उचललेला कोपरा स्वतःच्या हाताने खाली सोडला.

"उंदीर," ते म्हणाले.

"उंदीरच," बाबालाल म्हणाला. "चांगला तयार झाल्याला दिसतोय."

त्याने जुनी वायर काढून टाकली आणि नवी नळीत घालून डॅशबोर्डच्या वरच्या अंगाने नेली. आता मॅटवर हत्ती नाचला तरी क्लच दबणार नाही, असं म्हणाला. तो बल्बही काढून घेतला. पुढे कित्येक वर्षं मी त्याच्या दुकानात जात राहिले. हॉर्नची गोष्ट मी असंख्य वेळा ऐकली, पण माझ्या गाडीची गोष्ट तो कुणाला सांगताना एकदाही ऐकली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "उंदीर हुता." आयुष्यातला सगळ्यात अवघड बिघाड शोधला आणि त्याचं श्रेय एका उंदराला देऊन टाकलं. बोलघेवड्या माणसाला गप्प राहणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. बाबालालचे ते उपकार मी विसरलेले नाही.

सोमवारी साहेबांना काही सांगायचं उरलं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी मी नवी साडी नेसून गाडीत बसले. आईने हातावर दही-साखर ठेवली आणि तिच्या सवयीने गाडीच्या टायरवर पाणी घातलं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. डावं दार उघडलं, आणि आत बसण्याआधी दोन्ही पायताणं काढून मागच्या सीटखाली सारली. मग बसले, आणि कमर धरून, कण्हत, आधी उजवा पाय वर घेतला, मग डावा. त्या एवढ्याशा सीटवर त्यांनी चक्क मांडी घातली. एक गुडघा दाराला लागला, दुसरा गिअरच्या दांड्याला.

"अण्णा, हे काय?"

"काय न्हाई. चल."

"अहो, पाय सोडून बसा. कमर दुखेल. आता पाय दाबला तरी काही होत नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "इंदे, उंदीर पायताण घालून हिंडत न्हाई. मॅटवर टाच उठलीया माजी." मग म्हणाले, "आन् दिवा मलाबी दिसत हुता की. शेळ्यांपाशी वळाकलं मी. मग पाय आवरायला बघितलं. आवरंना."

मी गुडघ्याला जागा करून देत गिअर टाकला.

"आजऱ्यात मला स्टँडवर सोड," अण्णा म्हणाले. "मी यस्टीनं माघारी येतो. सांजचं तू तुजी ये. उद्यापास्नं मी काय येत न्हाई."

गाडी सुरेख चालली होती. पुलावर ट्रक आला तेव्हा अण्णांच्या पायाची बोटं आत वळली, आणि त्यांनी दोन्ही हातांनी आपलेच घोटे धरून ठेवले. पाय खाली गेला असता तरी आता गाडीला काहीच होणार नव्हतं. वायर तिथे नव्हतीच, आणि हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. तरी त्यांनी तो खाली जाऊ दिला नाही.

खिंड आली. चढ लागला. मी गिअर उतरवला. वरून उसाने भरलेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या डुलत, वळण घेऊन खाली येत होता. मी अण्णांकडे एक नजर टाकली.

अण्णांनी डोळे मिटले होते.

ज्या माणसाने उभ्या हयातीत चालत्या गाडीत रस्त्यावरची नजर काढली नाही, पोरं झोपली, कंडक्टर झोपले, पॅसेंजर झोपले तरी ज्याने पापणी मिटली नाही, तो माणूस खिंडीच्या वळणावर मांडी घालून, घोटे घट्ट धरून, डोळे मिटून बसला होता. मला जे जे कुणी आयुष्यात दिलं त्यात याच्या वरचढ काही नाही. अण्णा आता नाहीत. हे त्यांना तोंडावर सांगायचं राहिलं, म्हणून इथे लिहिते आहे.

मी वेग ओढला. गाडी चढ चढली, ट्रॅक्टरला बाजूने जाऊ दिलं, वळण मागे पडलं. पुढे उतार आणि मोकळा रस्ता.

"अण्णा," मी म्हटलं, "उघडा डोळे. वळण गेलं."

त्यांनी उघडले नाहीत.

"तू म्होरं बघ," ते म्हणाले. "मी झोपलोय."